वाटेवरचा मुक्काम

नाताळच्या सुटींत सहकुटुंब परदेशीं जावें, ही गोष्ट आमच्या बार्शीसारख्या गांवांतहि आतां नवलाची राहिलेली नाहीं. 1883 सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटींत चढल्या तेव्हां समुद्रोल्लंघनाचा दोष, प्रायश्चित्त, पंक्तिव्यवहार असे केवढाले प्रश्न उभे राहिले होते! ते सारे काळाच्या पोटांत गडप झाले. आज शेजारची मंडळी दुबईस जाऊन येते आणि आल्यावर आळींत खजूर वाटते, इतकें तें सहज झालें आहे. परंतु ज्या घरांत एका चुलीवर नऊ माणसांचा स्वयंपाक होतो, त्या घरानें ‘कोणत्या देशास जावयाचें’ हें ठरविणें मात्र अद्यापि तितकें सहज नाहीं. 2024 च्या नाताळासाठीं आमच्या घरीं हा खल बरेच दिवस चालला होता. त्यांत देशाच्या निवडीहून निराळेंच कांहीं पणास लागलें होतें, म्हणून तो येथें सांगावासा वाटतो.

माझे धाकटे दीर बारा वर्षांपासून मेलबर्न येथें असतात. तेथें नाताळ ऐन उन्हाळ्यांत येतो, आणि शाळा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत बंद राहतात. आमच्या मुलांना मोठी सुटी म्हणजे दिवाळीची आणि मे महिन्याची. म्हणजे आमची दिवाळी त्यांच्या कामाच्या दिवसांत, व त्यांचा नाताळ आमच्या शाळेच्या दिवसांत. भाऊजी यापूर्वी तीन वेळां आले. रजा वीस दिवसांची; परंतु मुंबईचे आप्त, पुण्याचें माहेर, बँकेचीं कामें, दांतांचे डॉक्टर यांचा हिस्सा वजा जातां बार्शीच्या वांट्यास चार-पांच दिवस उरावयाचे. मागच्या खेपेस तेहि धाकट्या मुलाच्या तापांत गेले. तेव्हां ऑगस्टच्या आरंभीं त्यांनीं दूरध्वनीवरून असा विचार मांडला कीं, तुम्ही तिकडून निघा, आम्ही इकडून निघतों, आणि मध्येंच कोठें तरी सर्वजण आठवडाभर एकत्र राहूं. कोणी रांधावयाचें नाहीं, कोणी कोणाचा पाहुणचार करावयाचा नाहीं. सारा खर्च माझा.

मुलांनीं घर डोक्यावर घेतलें. थोरले दीर, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, ते मुकाट्यानें पान लावूं लागले. सासूबाईंनीं एवढेंच विचारलें, “आणि बार्शीला?”

या प्रश्नाचें उत्तर दोन दिवस कोणींच दिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं भाजी निवडतांना त्या मला म्हणाल्या, “एकदां बाहेर भेटायची संवय लागली ना, कीं घरीं यायला कारण उरत नाहीं बघ. आज मी आहें म्हणून मध्यावर तरी येईल. उद्यां मध्य कशाचा काढाल?” मला यावर कांहींच सुचलें नाहीं. दोन घरांमधील अंतर सोयीसाठीं निम्मे निम्मे वांटून घेतलें, तर हळूहळू दोन्ही घरें एकमेकांना सारखींच परकीं होतील, हें भय निराधार म्हणतां येईना.

खर्चाचा प्रश्न त्या मानानें लवकर मिटला, पण सुखासुखीं नव्हे. धाकट्या भावानें साऱ्यांचा खर्च करावा हें दादांना रुचलें नाहीं. त्यांनीं तें बोलून दाखविलें नाहीं. परंतु “यंदा तुरीचा हंगाम आहे, मला जमेल असें दिसत नाहीं,” हें वाक्य त्यांनीं तीनदां उच्चारलें तेव्हां आम्हीं समजावयाचें तें समजलों. शेवटीं असें ठरलें कीं, प्रवासाचें भाडें ज्यानें त्यानें द्यावें आणि राहण्याजेवण्याचें भाऊजींनीं पाहावें. सासूबाईंचें तिकीट तिघां भावांनीं मिळून काढावें असें आम्ही म्हणत होतों. तें त्यांनीं साफ नाकारलें. मामंजींच्या मागें त्यांना जें निवृत्तिवेतन मिळतें त्यांतूनच त्यांनीं तें काढविलें.

आतां देश. मुलांचें मत दुबईस, कारण बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे. माझ्या यजमानांच्या मनांत मॉरिशस होतें, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि मन तेथें अद्याप घुटमळतें. 1834 पासून तेथें उंसाच्या मळ्यांवर करारानें मजूर नेले गेले. त्यांत आपल्या कोंकणांतील कितीतरी घरें होतीं. ते ज्या धक्क्यावर उतरत तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट 2006 सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेला. त्यांचे वंशज मराठी म्हणवितात, शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते.

दादांनीं, आपण येणार नाहीं असें म्हणत असतांहि, इंग्लंडचें नांव सुचविलें. त्याचें कारण बार्शीकराशिवाय दुसऱ्यास उमजणें कठीण. आमची बार्शी लाइट रेल्वे 1897 सालीं कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धांवूं लागली, ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियराच्या कल्पनेनें. रूळांमधील अंतर अवघें अडीच फूट. या अनुभवाच्या बळावर त्यानें पुढें इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत त्याच मापाची दुसरी गाडी उभारली. ती 1904 सालीं सुरू झाली. म्हणजे येथें बार्शी गुरु आणि विलायत शिष्य! दादांना ती शिष्या पाहावयाची होती. परंतु ती बिचारी 1934 सालींच बंद पडली व तिच्या जागीं आतां चालणाऱ्यांची व सायकलवाल्यांची पायवाट आहे. शिवाय डिसेंबरांत तिकडे चारच्या सुमारास अंधार पडतो आणि 25 तारखेस साऱ्या देशांत आगगाडी बंद. दादांनीं सुस्कारा सोडून तो बेत मागें घेतला. असो.

या सर्व चर्चेंत सासूबाई जपाची माळ घेऊन बसत, पण कान इकडे असावयाचा. गणपति उठल्यानंतर एके रात्रीं त्यांनीं नातवाकडून भिंतीवरचा जगाचा नकाशा खालीं काढविला, मेलबर्न कोठें व बार्शी कोठें हें बोटानें दाखवून घेतलें, आणि आपली अट सांगितली. “त्याच्या घरापासून आपल्या घराच्या वाटेवर जें ठिकाण असेल तेथें मी येईन. तेथें चार-पांच दिवस राहूं, आणि तेथून सगळे मिळून बार्शीला येऊं. संक्रांत झाल्यावर त्यांनीं जावें. वाटेवरचा मुक्काम म्हणून मला कोणताहि देश चालेल.”

इतक्या दिवसांत आम्हां शिकलेल्या माणसांस जें सुचलें नव्हतें तें या एका वाक्यांत झालें. मध्यबिंदूची भाषाच बंद पडली. नकाशावर आतां एक रस्ता होता व त्याच्या टोंकाशीं आमचें घर. भाऊजी रजेचे दिवस मोजूं लागले, आणि सुनेनें पुण्यास आईवडिलांनाच संक्रांतीस बार्शीस येण्याविषयीं कळविलें. दुबई व मॉरिशस या अटींत आपोआपच गळले, कारण दोन्ही आमच्या पश्चिमेस. मेलबर्नहून तेथें जावयाचें तर हिंदुस्थान उजव्या हातास टाकून पुढें जावें लागतें. वाटेवर उरले ते आग्नेय आशियांतील देश. सिंगापूरचें तर घड्याळहि न्यायी आहे: आमच्याहून अडीच तास पुढें, आणि डिसेंबरांतील मेलबर्नहून तीन तास मागें. परंतु त्या महिन्यांत तेथें पावसाची झड असते, बाली बेटावरहि तीच गत. आणि सोबत पायांनीं अधू झालेलें माणूस असतां पावसांत भटकणें नको वाटलें. कंबोडियांत मात्र नोव्हेंबरपासून कोरडा ऋतु लागतो व डिसेंबर सर्वांत सुखाचा. तेथें अंग्कोरवाट आहे, हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें, सासूबाईंस नव्हतें.

माझ्या यजमानांनीं त्यांस तें नीट सांगितलें. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दुसऱ्या सूर्यवर्म्यानें तें बांधविलें तें विष्णूचें मंदिर म्हणून. भोंवतालचा खंदकच 190 मीटर रुंद. पूर्वेकडील ओवरींत समुद्रमंथनाचा सुमारें 49 मीटर लांबीचा शिल्पपट आहे. एका बाजूस 92 असुर, दुसऱ्या बाजूस 88 देव, मध्यें चतुर्भुज विष्णु. पश्चिमेकडील भिंतींवर एकीकडे कुरुक्षेत्र, दुसरीकडे लंकेचें युद्ध. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनीं 1986 ते 1993 या काळांत तेथें डागडुजीचें काम केलें. आमच्या गांवचा देव भगवंत, म्हणजे विष्णूच. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा येथें प्रत्येक मूल ऐकतें. तेव्हां हें वर्णन ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळेल अशी आमची अपेक्षा होती. त्यांनीं शांतपणें विचारलें, “तेथें दिवा लागतो का? ओसाड देवळांत देव बघायला मी नाहीं जायची.”

प्रश्न मार्मिक होता. मंदिर पुढें बौद्धांचें झालें व आजहि भिक्षु तेथें दिसतात, एवढ्यानें त्यांचें समाधान होण्यासारखें नव्हतें. यजमानांनीं आणखी वाचून काढलें, आणि एक गोष्ट हातीं लागली. पश्चिमेच्या महाद्वारांत, खंदकावरील सेतु ओलांडल्याबरोबर, विष्णूची आठ हातांची भव्य मूर्ति उभी आहे. तेथील लोक तिला ता रीच म्हणतात, आपला रक्षणकर्ता मानतात, आणि नित्य उदबत्त्या व फुलें वाहतात. शास्त्रोक्त पूजा नव्हे. परंतु नऊशें वर्षांच्या त्या वास्तूंत देवापुढें धूप जळतो आहे खरा. सासूबाई म्हणाल्या, “मग जाऊं.” जे कठीण जिने आहेत ते अगदीं आंतल्या उंच शिखराकडे जावयाचे, तेथें बारा वर्षांखालील मुलांसहि चढूं देत नाहींत. म्हणजे आजी व नातवंडें खालींच एकत्र राहणार, ही सोय सरकारनेंच करून ठेविलेली. ज्या देवासाठीं त्या निघाल्या तो तर दारांतच होता.

बाकीची तयारी गृहिणीच्या नजरेनें सांगतें. तीन दिवसांच्या प्रवेशपत्रास माणशीं 62 डॉलर पडतात. बारा वर्षांखालील मुलांस कांहीं नाहीं. तिकडच्या स्वयंपाकांत प्राहोक नांवाचें कुजविलेल्या माशांचें वाटण भाजींतहि पडत असल्यामुळें, आम्हीं स्वयंपाकघर असलेलें घरच भाड्यानें घेतलें व मेतकूट, भाजणी, शेंगांची चटणी बरोबर बांधली. ‘कोणी रांधावयाचें नाहीं’ हें भाऊजींचें कलम येथेंच मोडलें; परंतु त्यांनीं स्वतः भात लावावयाचें कबूल केलें. सर्वांत दगदग सासूबाईंच्या पारपत्राची. वय 76, जन्माचा पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावर माहेरचें नांव. तो दाखला मिळवून दोन नांवांची सांगड घालीपर्यंत माझ्या चार किरकोळ रजा खर्ची पडल्या. चौकशीस आलेल्या पोलिसानें “आजी, कुठं जायचं?” म्हणून विचारलें तेव्हां त्या “भगवंताला” म्हणाल्या. तो म्हणाला, “त्याला पासपोर्ट कशाला? देऊळ इथंच हाय कीं!”

एक गांठ मात्र सुटतां सुटेना. दादांची थोरली मुलगी दहावींत होती. मंडळानें त्या वर्षीं परीक्षा लवकर, 21 फेब्रुवारी 2025 पासून ठेविली होती, आणि शाळेची पूर्वपरीक्षा जानेवारींतच. जाऊबाई तिच्यासाठीं मागें राहावयास निघाल्या. तेथें सासूबाई आड आल्या. पंचवीस वर्षें या घरांत जिनें दुसऱ्यांस वाढून मग पान घेतलें, ती घरीं राहणार असेल तर आपणहि येत नाहीं, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. मुलीनें मग स्वतःच तोडगा काढला: ती आणि दादा घरीं राहतील, देवपूजा चुकणार नाहीं, आणि सगळे परत आले म्हणजे हुरडा तिच्या हातचा. दादांनीं न येण्याचें ठरविलें त्यांत तुरीचा हंगाम किती व मानाचा भाग किती, हें मीं तेव्हां विचारलें नाहीं आणि आतांहि विचारणार नाहीं. पण आम्हां अकरा जणांच्या सहलीस त्या दोघांची उणीव होती, हें खरें.

तिकिटें ऑक्टोबरांत काढलीं. त्याहून उशीर केला असता तर नाताळच्या आठवड्याचें भाडें आम्हांस झेपलें नसतें. दोन्हीकडची मंडळी सिंगापूरच्या विमानतळावर भेटली व पुढचें विमान एकच धरलें. आज कोणी असा बेत करीत असेल त्यानें आधीं तेथील परिस्थितीची नीट चौकशी करावी. कारण 2025 च्या जुलैंत व पुन्हां डिसेंबरांत थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर लढाई झाली. आमच्या वेळीं सारें शांत होतें. सासूबाई चाकाच्या खुर्चींतून सेतु ओलांडून गेल्या, दारांतल्या मूर्तीपाशीं खुर्चीवरून उठल्या, आणि तेथल्याच एका बाईनें त्यांच्या हातांत पेटलेली उदबत्ती दिली. दोघींनाहि एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

पांचव्या दिवशीं निघालों आणि मुंबईहून लातूर एक्सप्रेसनें बार्शीस आलों. फलाटावर दादा उभे होते. त्यांनीं शेताची एक पट्टी मुद्दाम उशिरां पेरली होती, ती मेलबर्नच्या मुलांनीं आठवड्यांत फस्त केली; संक्रांतीपर्यंत खावयास शेवटीं शेजारच्या रानांतून कणसें मागून आणावीं लागलीं.