पोटमाळ्यावरचा सर्व्हर

११ ऑगस्ट २०२५, सोमवार
छापखान्याच्या बॅकअप सर्व्हरसाठी सिस्टम निवडायची आहे. डेबियन १३ शनिवारी आलं. उतरवून ठेवलं. ठरलेलं अजून काहीच नाही. अण्णा म्हणाले, "विंडोजच टाक ना, सगळ्यांना येतं." सगळ्यांना म्हणजे कोणाला, ते विचारलं नाही.

१२ ऑगस्ट
मशीन जुनं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, वर टीपीएम २.०. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद. म्हणजे नवं मशीन घ्या. अण्णांना लगेच पटलं. पैशांचं लगेच पटतं.

१४ ऑगस्ट
तसंही बॅकअपचं सॉफ्टवेअर बॅक्युला घ्या की बॅकअपपीसी, सर्व्हर लिनक्स-युनिक्सवरच बसवायचा. विंडोज त्यांचं नुसतं गिऱ्हाईक. राहिले दोन, फ्रीबीएसडी आणि डेबियन. मन फ्रीबीएसडीकडे. झेडएफएस तिथे घरचं. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, डिस्क सडायला लागली की कळतं. लिनक्सवर परवान्याच्या भांडणापायी तेच बाहेरून जोडावं लागतं, कर्नल बदलला की पुन्हा बांधा.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पाऊस कालपासून थांबलेला नाही. मिठी नदीला पूर, कुर्ल्यात लोकांना हलवलं. चेंबूरकडे मोनोरेल अडकली, अग्निशमन दलाने शिड्या लावून माणसं उतरवली.
वाकोला नाला मिठीलाच मिळतो. ती भरली की याचं पाणी जाणार कुठे? गाळ्याच्या उंबऱ्याला लागलं, आत आलं नाही.
कटिंग मशीनच्या मागे भिंतीवर ऑइलपेंटची लाल रेघ आहे. खाली अण्णांच्या हातचं: २६-७-२००५. माझ्या छातीला लागते. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर. खालची सगळी मशीनं गेली. बॅकअपच्या सीडीही गेल्या, त्याच कपाटात खालच्या खणात होत्या. तेव्हापासून रेघेखाली महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. छापखान्याचं लेखी धोरण म्हणाल तर तेवढंच.
सर्व्हर पोटमाळ्यावर जाणार.

२० ऑगस्ट
पोटमाळ्यावर भट्टी. पंखा हवा.

२७ ऑगस्ट
गणपती. छापखाना बंद. झोपलो.

२९ ऑगस्ट
बॅक्युला वाचतोय. डायरेक्टर वेगळा, स्टोरेज वेगळं, क्लायंट वेगळा, वर कॅटलॉगचा डेटाबेस. टेप लायब्ररीवाल्या ऑफिसला शोभेल. एक फाइल परत आणायची तरी कन्सोलवर आज्ञा द्या. डीटीपीच्या ताई देतील? बॅकअपपीसीचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. तारीख, फोल्डर, फाइल, रिस्टोअर.

२ सप्टेंबर
कोपऱ्यातलं एक्सपी. पेजमेकर ७, श्रीलिपी. मंडळांच्या जुन्या स्मरणिका त्याच्यावरच. त्याला एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते आणि सांबाने ती ४.११ पासून मुळातच बंद ठेवलीय. २०१७ ला वॉनाक्राय त्याच दारातून शिरलं. चाचणीपुरतं लावलेलं डेबियन एक्सपीशी बोलेना. एका ओळीत बोलतं करता येतं. ती ओळ लिहायची नाही.

४ सप्टेंबर
एक्सपीवर आरसिंकची जुनी आवृत्ती चढवली. इकडचं नवंकोरं, तिकडचं म्हातारं. आधी आपसात ठरवून घेतात, कोणती बोली बोलायची. चाललं.

५ सप्टेंबर
एक स्मरणिका परत आणून दुसऱ्या मशीनवर उघडली. पानभर रोमन अक्षरांचा चिवडा. फाइल धड आहे, फॉन्ट नाही. श्रीलिपीचा हा मजकूर युनिकोड नव्हे, फॉन्ट नाही तर मराठी नाही. फॉन्टचं फोल्डर यादीत सगळ्यात वर.

९ सप्टेंबर
फोल्डरच्या नावाला २५५ बाइट. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळे. म्हणजे ८५ चिन्हं. ताईंचं एक फोल्डर: ‘सुधारित अंतिम खरंच अंतिम अण्णांनी पाहिलेले मुखपृष्ठ बदलून नवीन जाहिरातीसह’. मोजलं. २०१ बाइट. बसलं.

१२ सप्टेंबर
फ्रीबीएसडी डोक्यातून जात नाही. पण मी गावाला असताना डिस्क बसली तर? वाकोल्यात, कलिन्यात हाक मारली तर उबंटू हाताळलेलं एखादं पोरगं मिळेल, डेबियन त्याला परकं नाही. फ्रीबीएसडीवाला कुठून आणायचा? अण्णा म्हणाले, "तू कुठे जाणारेस?"
डेबियन टाकलं. दोन डिस्क, मिरर, साधं ईएक्सटी४. झेडएफएस नाही. वाईट वाटलं. २०३० पर्यंत अपडेट मिळतील.

१५ सप्टेंबर
पहिला पूर्ण बॅकअप रात्रीत झाला. जागा अंदाजापेक्षा कितीतरी कमी गेली. एकसारखी फाइल बॅकअपपीसी एकदाच ठेवतं. ‘अंतिम’ आणि ‘खरंच अंतिम’ यांच्या आत जाहिराती त्याच.

७ ऑक्टोबर
दिवाळी अंक. रात्री लॉग पाहिला तर दुपारी कोणीतरी फाइल रिस्टोअर केलेली. ताईंना फोन.
"अरे, कव्हरवर दुसरंच सेव्ह झालं. सोमवारचं घेतलं परत."
"मला फोन नाही केलात?"
"कशाला?"

१४ ऑक्टोबर
विंडोज १० चे अपडेट संपले. पुढच्या टेबलावर दोन मशीनं त्याच्यावरच. अण्णा: "चालतंय ना?" चालतंय.

१७ ऑक्टोबर
एक डिस्क वाकोल्याबाहेर हवी. अण्णांची बहीण डोंबिवलीला, चौथा मजला. डिस्क एनक्रिप्ट केली. पासवर्ड कागदावर लिहिला, कागद कुठे ठेवायचा?
अण्णा: "देव्हाऱ्यात."
ताई: "देव्हारा रेघेखाली आहे."
तूर्तास पाकिटात, माझ्या. अण्णा २३ ला भाऊबीजेला जातीलच, डिस्क तेच नेतील. पिशवी वेगळी द्यायची, फराळाच्या डब्यांखाली नको.