दवाखान्यात राहून गेलेलं

आधी चपला. पंच्याहत्तरीच्या आजोबांना न्यूमोनियासाठी भरती केलं की पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या चपला पिशवीत घालून घरी जातात. लेंगाही जातो, आणि मागे बंद बांधायचा गाऊन येतो. तो घालून चारचौघांत व्हरांड्यातून फिरायला कोणाला आवडेल?

चष्मा, कानातलं यंत्र, कवळी. हरवतील म्हणून हेही घरी. कवळी नाही म्हणून पोळी नाही. मग पेज आणि चहा-बिस्किटं. शरीराला प्रथिनं एरवीपेक्षा जास्त हवी असतात, नेमकी तेव्हाच ती सगळ्यात कमी मिळतात.

रात्र. वॉर्डातला दिवा विझत नाही, झोप लागते तोच कोणीतरी बीपी बघायला येतं. घरचे हिशेब चोख ठेवणारा माणूस तिसऱ्या रात्री मुलाला ओळखत नाही, सलाईन उपसू लागतो. याला डिलिरियम म्हणतात आणि तो बहुतेकदा उतरतो. तोवर मात्र काही ठिकाणी हात खाटेला बांधलेले असतात. बांधलेला माणूस चालणार कसा?

मांड्या. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. ना ताप, ना दुखणं, जेवण व्यवस्थित. तरीही त्यांच्या पायांचं चरबी सोडून उरलेलं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, सुमारे एक किलोने घटलं. मग तापाने फणफणलेल्या, पेजेवर असलेल्या माणसाच्या मांड्यांचं काय होत असेल! 2009 साली छापलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात भरतीआधी चालत्याफिरत्या असलेल्या वृद्धांच्या पायांना यंत्रं लावून नोंद घेतली. त्यांचा 83 टक्के वेळ आडवं पडून गेला होता. अंथरुणाच्या धोक्यांवर रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1947 सालीच लेख लिहिला होता. इतक्या वर्षांनीही आपण प्रेमाने म्हणतो, पडून राहा, आराम करा.

संडासापर्यंतची चाल. घरी हा दिवसभराचा व्यायाम असतो, आणि पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा तेवढाच असतो. वॉर्डात आधी सलाईनचा स्टँड आडवा येतो, मग लघवीची नळी, मग डायपर. नळी गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली तर जंतुसंसर्ग होतो आणि मुक्काम वाढतो. "आजी, उठू नका हं, पडाल." रात्रपाळीच्या सिस्टरला अख्खा वॉर्ड सांभाळायचा असतो, आजी पडल्या तर जाब तिला द्यावा लागतो. आजी आठवडाभर पडूनच राहिल्या, याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही. मला यात सिस्टरचा दोष दिसत नाही. पण घरी आल्यावर आजी पलंगाच्या कडेला बसून हाका मारतात, तेव्हा वाईट वाटतं. त्या आजारामुळे थकल्यात, असंच सगळे समजतात.

ओहायोतल्या दोन रुग्णालयांमधल्या सत्तरीपुढच्या रुग्णांचा अभ्यास 2003 साली आला. आंघोळ, कपडे, खुर्चीतून उठणं या रोजच्या कामांत, आजारी पडण्यापूर्वीशी तुलना करता, सुमारे 35 टक्के रुग्ण घरी जाताना मागे पडलेले होते.

डिस्चार्ज कार्डावर साखर असते, क्रिएटिनिन असतं, गोळ्यांच्या वेळा असतात. भरतीआधी हे गृहस्थ दोन जिने चढत होते, आता आधाराशिवाय उठत नाहीत, ही ओळ शोधून सापडत नाही. म्हणून फिजिओथेरपीचंही बहुधा कोणी लिहून देत नाही.

येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शॅरन इनोये यांनी 1993 साली वृद्धांसाठी एक उपक्रम सुरू केला. स्वयंसेवक येतात, चष्मा आणि यंत्र हाताशी आहे का पाहतात, गप्पा मारतात, हात धरून चालवतात. 1999 साली त्याचे निष्कर्ष आले: नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या वॉर्डात 9.9 टक्क्यांना. आपल्याकडे स्वयंसेवक शोधावे लागणार नाहीत. खाटेशेजारच्या स्टुलावर मुलगा, सून, नात कोणीतरी बसलेलंच असतं. त्यांनी पहिल्याच राउंडला डॉक्टरांना विचारावं: यांना कधीपासून उठवू? जेवण खुर्चीत बसवून देऊ का? नळी कधी काढणार? खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरसुद्धा, काही अडचण नसेल तर, दुसऱ्याच दिवशी उभं करावं असं आता मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. न्यूमोनियाच्या आजोबांसाठी एवढं विचारायला काहीच हरकत नाही.