आकडा घेत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवरून “आकडा घेत नाही” एवढाच निरोप येतो, तेव्हा आम्ही प्रोग्रामर आधी क्रॅशच्या नोंदी उघडतो. क्रॅशलिटिक्स, सेंट्री ही साधनं कोडमधली ओळ, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, त्याआधी कुठली बटणं दाबली, सगळं पुढ्यात मांडतात. पण इथे नोंदच नसते. प्रोग्राम कोसळलेला नाही.

अडतीवर हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनी पोत्यांची संख्या मराठी कळफलकावरून ‘१२’ अशी लिहिलेली असते. जावाचं ‘पार्सइंट’ देवनागरी अंक ओळखतं, म्हणून अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये हीच नोंद सुरळीत होऊ शकते. वेबपानावर जावास्क्रिप्टचं त्याच नावाचं फंक्शन तिला संख्या मानत नाही आणि तक्रारही करत नाही. अंक बदलून घेणाऱ्या दोन ओळींत काम भागतं. अवघड असतं ते तिथवर पोचणं.

नवी साधनं इथे खूप जवळ नेतात. साताऱ्याच्या जावळी खोऱ्यात रेंज तुटते तसं मंद नेटवर्क क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये टेबलावर बसून आणता येतं. वापर जसाच्या तसा पुन्हा दाखवणाऱ्या सेशन रिप्लेमध्ये वापरणारा कुठे अडला, कुठे तेच बटण पुन्हा पुन्हा दाबलं, हे दिसतं. मात्र सेंट्रीचा रिप्ले मजकूर मुळातच झाकून ठेवतो, आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीवरची रक्कम आम्ही पाहायचं कारण नाही. त्यामुळे दिवाणजी अडले हे कळतं, कशानं अडले ते त्यांनाच विचारावं लागतं.

असं प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचं याच भागातलं, वारणा परिसरातलं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं, तर शेतकऱ्यांना मुख्यतः हवी होती उसाची आणि खताची माहिती. संशोधकांनी सात गावांत आठ महिने तीच माहिती एसएमएसवर देऊन पाहिली. ते स्वस्त पडलं, सोयीचं ठरलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. ही गरज कुठल्याही क्रॅशच्या नोंदीत सापडली नसती.

म्हणून अभिप्रायाचं बटण मेनूच्या तळाशी नको, काम अडतं त्याच पानावर हवं. प्रश्न मराठीत हवा, टाइप करणं जड जात असेल तर बोलून सांगायची सोय हवी, आणि स्क्रीनशॉट जाण्याआधी परवानगी घ्यायला हवी. दुरुस्ती झाली की ज्यानं सांगितलं त्याला तसं कळवलंच पाहिजे. आपल्या सांगण्यानं काही बदललं हे दिसलं, तरच माणूस पुढची अडचण सांगतो. नाहीतर तो मुकाट्यानं वहीकडे वळतो, आणि तशी सूचना कुठलंही साधन आपल्याला देत नाही.