पहिली गोळी खाली

नेम चुकला की माणूस आधी स्वतःला दोष देतो, मग गोळीला, आणि गाठीला पैसे असतील तर शेवटी नवी बंदूक घेतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीवर मात्र सहसा कोणाचा संशय जात नाही. जिच्यातून सगळं इतकं स्वच्छ दिसतं ती खोटं कसं बोलेल, अशी आपली भाबडी समजूत! मी जन्मभर पाटबंधारे खात्यात थिओडोलाइटच्या मागे एक डोळा मिटून उभा राहिलो आहे. स्वच्छ दिसणं निराळं आणि खरं दाखवणं निराळं, एवढं त्या नोकरीनं मला शिकवलं.

तुम्ही म्हणाल, पुण्याच्या पेन्शनराला बंदुकीशी काय करायचंय? करायचं काहीच नव्हतं, पण जावई पडले ना! आमची लेक अमेरिकेत आयडाहो राज्यात असते. जावई तिथलेच, बटाट्याची शेती करणाऱ्या घरातले. (इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे जावयाला काय म्हणायचं हा आपल्याकडचा नाजूक प्रश्न तिथे उद्भवतच नाही.) ऑक्टोबरात तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. लोक परवाना काढून जातात आणि मिळालेलं हरीण थंडीभर घरात खातात. आमच्या हिला हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस फ्रीजचा खालचा कप्पा उघडला नाही. मांस मीही खात नाही. पण ज्याच्या घरी राहायचं त्याच्या ताटाची चौकशी करू नये, या मताचा मी आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तिथे होतो. जावई दर सुट्टीला चांदमारीवर जात आणि तोंड उतरवून परत येत. त्यांच्या वडिलांची जुनी ३०-०६ रायफल, तिच्यावर नवी कोरी दुर्बीण. या दुर्बिणीच्या डोक्यावर एक चकती असते. ती फिरवली की टक्‌ टक्‌ असा आवाज होतो आणि प्रत्येक टकेला नेम पाव मिनिट सरकतो. हे मिनिट घड्याळातलं नव्हे, कोनाचं. अंशाचा साठावा भाग, म्हणजे १०० यार्डांवर १ इंचाहून किंचित जास्त. नेमकं सांगायचं तर १.०४७ इंच. लांबवर गोळी खाली पडते, म्हणून तितक्या टका मोजून नेम वर घ्यायचा. त्यांचा नेम १०० यार्डांवर बसवलेला होता आणि ३०० यार्डांसाठी हिशेबानं १८ टका लागत. १०० यार्डांवर सगळं ठीक. १८ टका फिरवून ३०० यार्डांवर झाडली की पहिली गोळी पाच-साडेपाच इंच खाली, आणि दुसरी-तिसरी अगदी जागेवर!

त्यांनी गोळ्या बदलल्या. दुर्बिणीच्या कड्या बदलल्या. श्वास कसा धरावा याचं पुस्तक आणलं. माझी लेक वैतागून म्हणाली, "अरे, तीनांतल्या दोन लागतात ना? मग झालं की!" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "हरीण दुसऱ्या गोळीसाठी थांबत नाही." हरणाच्या छातीतला मर्माचा भाग आठ-दहा इंचांचा. मध्यावर धरलेली गोळी पाच इंच खाली गेली तर त्याच्या बाहेर पडते, पाय मोडते, आणि ते जनावर झाडीत जाऊन दोन-तीन दिवसांनी मरतं. हे ऐकून आमची ही, जिनं इतके दिवस या विषयावर तोंड उघडलं नव्हतं, ती मला म्हणाली, "अहो, तुमची सगळी हयात दुर्बिणीत गेली. बघा तरी काय झालंय ते."

बंदुकीला मी हात लावला नाही. पाहुण्या व्हिसावर गेलेल्यानं तिकडे त्या फंदात पडू नये. मी म्हटलं, दुर्बीण तेवढी काढून द्या, गोळी झाडायची गरजच नाही. गोळी झाडली की नळीचा दोष, वाऱ्याचा दोष, खांद्याचा दोष सगळे एकत्र कागदावर उमटतात, आणि त्यातून चोर निवडणं कठीण. उपकरणाच्या दोषाचा माग काढताना एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा आमच्या खात्यातला धडा.

(आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. त्याला हा ताप नसावा!)

व्याह्यांच्या कोठारात रुळाचा एक जड तुकडा होता. त्यावर दुर्बीण तिच्याच कड्यांत घट्ट बसवली. स्क्रू आणि कडी यांवरून लेकीच्या नेलपॉलिशची एकेक बारीक रेघ ओढली. स्क्रू सरकला तर रेघ तुटलेली दिसते. मग ओळंबा टांगून दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीशी जुळवली. याला लोक कंटाळतात. पण दुर्बीण ३ अंशांनी कलती असेल तर २० मिनिटं वर जाताना नेम इंचभर बाजूला सरकतो आणि दोष चकतीवर येतो. १०० यार्ड मी स्वतः टेपानं मोजले. तिथे इंचांच्या खुणा केलेला लांब कागद लावला, शून्य वरच्या टोकाला. कारण चकती 'वर' फिरवली की दुर्बिणीतली आडवी रेघ कागदावर खाली उतरते. जावयांनी डोळा मागेपुढे, डावी-उजवीकडे हलवून पाहिला. रेघ कागदावर पोहत नव्हती, म्हणजे तोही भ्रम नव्हता.

१८ टका. साडेचार मिनिटं, म्हणजे पावणेपाच इंच हवेत. रेघ तीनवर थांबली.

जावई माझ्याकडे पाहत राहिले. मी चाकूची लाकडी मूठ चकतीवर हलकेच वाजवली. रेघ सरकन पावणेपाचावर उतरली! पुन्हा शून्यावर आणलं, तर शून्य बरोबर. पुन्हा १८, पुन्हा तीन. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच.

आत काय होतं ते सांगतो. बाहेरच्या नळीत एक लहान नळी असते, मागच्या बाजूला टेकलेली. तिला वरून चकतीचा स्क्रू दाबतो आणि समोरून स्प्रिंग रेटते. चकती 'वर' फिरवली की स्क्रू मागे हटतो आणि नळीला त्याच्यामागे नेण्याचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग मेली किंवा चिकटली की टक वाजते, आकडा पुढे जातो आणि नळी जागची हलत नाही. परत येताना मात्र स्क्रूच तिला ढकलतो, म्हणून शून्य बरोबर. आणि पहिली गोळी उडाली की तिच्या धक्क्यानं नळी सुटून जागेवर बसते, म्हणून दुसरी बरोबर. बिचारे जावई दुसरीच्या आधारावर पहिलीचा दोष स्वतःकडे घेत होते.

धक्क्यानं उपकरण बिघडतं हे आम्ही ऐकत आलो. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि लॅम्बटनसाहेबाचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट भिंतीवर आदळला. त्याचं वाकलेलं वर्तुळ सरळ करायला साहेबाला सहा आठवडे लागले. धक्क्यानं सुधारणारं, आणि म्हणूनच दोष लपवणारं उपकरण मी पहिल्यांदाच पाहिलं.

तात्पुरता उपाय आमच्या जुन्या सवयीतलाच होता: आकड्याच्या चार-सहा टका पुढे जायचं आणि मागे येऊन थांबायचं, म्हणजे शेवटची हालचाल स्प्रिंगच्या विरुद्ध, स्क्रूच्या रेट्यानं होते. तसं केल्यावर रेघ बहुतेक वेळा बरोबर येई. "बहुतेक?" जावयांनी विचारलं. मी म्हटलं, "दहांत आठ." त्यांनी दुर्बीण काढून डब्यात घातली आणि खुणांच्या कागदासह कारखान्याकडे धाडली.

त्या हंगामात त्यांनी रायफलीवर वडिलांची चौपट दाखवणारी जुनी दुर्बीण चढवली आणि १५० यार्डांपलीकडे बार काढायचा नाही असं ठरवलं. आम्ही तोवर पुण्याला परतलो होतो. लेकीचा फोन आला की दरीच्या पलीकडे, ३०० यार्डांवर, एक मोठा नर बराच वेळ उभा होता. हे नुसते बघत बसले आणि रिकाम्या हातानं घरी आले. आमच्या हिनं फोन माझ्या हातून घेतला आणि जावई जेवले का ते विचारलं.

बदली दुर्बीण नोव्हेंबरात आली. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर फोटो: तोच रुळाचा तुकडा, नेलपॉलिशच्या रेघा, आणि कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं, १८ टका, पावणेपाच इंच, दहांत दहा.