कालव्याच्या शेपटाकडून पाहिलेली पुस्तके

पाण्यावरील ग्रंथांची मांडणी सहसा विषयानुसार केली जाते. धरणांवरील पुस्तके एका फळीवर, दुष्काळाच्या कादंबऱ्या दुसऱ्या फळीवर आणि आयोग-समित्यांचे अहवाल ग्रंथालयाच्या कुठल्याशा कोपऱ्यात ठेवले जातात. महाराष्ट्रापुरता विचार केला तर मात्र लेखक कालव्याच्या कोणत्या टोकाला उभा राहून पाण्याकडे पाहतो, ही कसोटी अधिक उपयोगी पडते. धरणालगतच्या भागाला कालव्याचे मुख म्हणतात आणि दूरच्या टोकाला शेपूट, ज्याला लाभक्षेत्रातील शेतकरी सर्रास ‘टेल’ म्हणतो. ठरावीक दिवसांनी सोडली जाणारी पाण्याची पाळी या टोकाला पुष्कळदा उशिरा पोहोचते, अपुरी पोहोचते किंवा वाटेतच संपते. धरण भरले की टंचाई संपली, असे मुखाशी उभ्या असलेल्याला वाटू शकते. शेपटाशी उभ्या असलेल्या लेखकाला पाऊस, साठा आणि वाटप या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्याच लागतात.

मराठीत या तिन्ही गोष्टी प्रथम एकत्र आणण्याचे श्रेय महात्मा जोतीराव फुले यांच्या 1883 साली सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाला द्यावे लागते. 1876 ते 1878 या काळातील भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी त्यामागे आहे, आणि बांधकामाच्या ठेकेदारीमुळे जोतीरावांचा सरकारी कामांशी व इंजिनिअर खात्याशी आलेला निकटचा संबंधही आहे. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती व पालापाचोळा शेतातच मुरावा यासाठी सैन्य व पोलीस खात्यातील जादा माणसांकडून बांध घालून घ्यावेत, भूगर्भातील झरे पाणाड्यांकडून, म्हणजे जमिनीखालील पाणी ओळखणाऱ्या जाणत्यांकडून, शोधून काढावेत आणि तलाव-धरणे बांधावीत, अशा सूचना त्यांनी केल्या. आज ज्याला पाणलोट क्षेत्र विकास म्हणतात त्याची बीजे अभ्यासक तेथे शोधतात, ते योग्यच आहे. परंतु त्या ग्रंथातील अधिक धारदार भाग कालव्याच्या कारभारासंबंधीचा आहे. पाणीपट्टी वसूल करणारे खाते शेतकऱ्याला वेळेवर व पुरेसे पाणी मिळण्याची हमी घेते काय, हा प्रश्न जोतीराव विचारतात, आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचे पाणी तोटीतून मोजून मिळावे, अशी मागणी करतात. पाणी घनमापाने मोजून देण्याची भाषा सिंचनाच्या कायद्यांत रुळायला त्यानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे 1951 साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मवृत्त याच प्रदेशाकडे दुसऱ्या बाजूने पाहते. मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात काम करताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. तिच्यानुसार लाभक्षेत्राचे ठरावीक गट पाडायचे, गटाच्या काही हिश्श्यावरच उसासारखे बारमाही पीक घ्यायचे, उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि या पाण्याची मंजुरी अनेक वर्षांसाठी द्यायची, म्हणजे पाणी थोड्या गावांत न अडकता अधिक गावांत पसरेल. कल्पना न्याय्य होती आणि आत्मवृत्तातील तिचे विवेचनही स्वच्छ आहे. पुढील दशकांत मात्र नीरा, प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांवर ऊस वाढला, त्याभोवती कारखानदारी उभी राहिली, आणि पाणी पसरवण्याच्या हेतूने काढलेली मंजुरी हीच अनेक ठिकाणी उसाच्या पाण्यावरील हक्काची सनद ठरली.

हा बदल समजून घेण्यासाठी धनंजयराव गाडगीळ यांचा गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास, जो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1948 साली प्रसिद्ध केला, आजही वाचण्याजोगा आहे. दख्खनचे बहुतेक कालवे ‘संरक्षक’ वर्गात मोडत. म्हणजे ते सरकारी तिजोरीला नफा व्हावा यासाठी बांधलेले नसून दुष्काळापासून संरक्षण मिळावे यासाठी बांधलेले होते, आणि त्यामुळे जमाखर्चाच्या हिशेबात ते तोट्याचे दिसत. पाणीपट्टीच्या उत्पन्नावरून कालव्याची किंमत ठरवणे चूक आहे, रोजगार, व्यापार आणि परिसराचे एकूण उत्पन्न यांतून मिळणारा अप्रत्यक्ष लाभही मोजला पाहिजे, असे गाडगिळांनी बागायती व जिरायती गावांची तुलना करून दाखवले. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत त्यांचा स्वतःचा वाटा होता, ही बाब त्यांच्या विवेचनाला वजन देते आणि त्याची मर्यादाही सांगते: पाणी असलेले गाव व नसलेले गाव यांतील अंतर तेथे बारकाईने येते, परंतु एकाच कालव्यावर पाणी मिळणारा व न मिळणारा यांतील अंतर हा त्या अभ्यासाचा मुख्य विषय होत नाही.

ते अंतर विषयपत्रिकेवर आणले ते दांडेकर, देऊसकर व देशमुख यांच्या समितीने 1979 साली. बारमाही उसाऐवजी खरीप व रब्बी अशा आठ महिन्यांसाठीच पाणी द्यावे आणि ते अधिक शेतकऱ्यांना द्यावे, या ‘आठमाही’ तत्त्वाची मांडणी तेथे आहे. त्याच सुमारास विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात त्याहून पुढे गेले होते. 1972 च्या दुष्काळानंतर नायगाव येथे सुरू झालेल्या त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हता, तो कुटुंबातील माणसांच्या संख्येवर होता. दरडोई अर्धा एकर भिजेल इतके पाणी व कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा असा नियम होता, भूमिहीनांचाही हक्क मान्य होता आणि उसाला बंदी होती. पाण्याचा हक्क सातबाऱ्यापासून सोडवणारा एवढा स्पष्ट विचार अन्यत्र क्वचितच आढळतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात सामायिक साधनांचे नियम लोक स्वतः बनवतात व पाळतात, हे जगभरच्या उदाहरणांनी सिद्ध केले. पांझरा व मोसम नद्यांवरील फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी सामूहिकपणे वाटून घेण्याची रीत, आणि नायगावचा प्रयोग ही त्या सिद्धांताची मराठी मुलखातील सबळ साक्ष आहे, आणि तिच्यावर सर्वसामान्य वाचकासाठी मोठा, सांगोपांग मराठी ग्रंथ असायला हवा.

ललित साहित्याने हिशेबाच्या पुस्तकांतून निसटलेली माणसे पाहिली. ‘बनगरवाडी’ या कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ अख्खी वाडी उठवतो, विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ धरणाखाली गाव गेलेल्यांची कैफियत मांडते, सदानंद देशमुख यांच्या ‘तहान’मध्ये पिण्याच्या पाण्याची टंचाई गावातील नातीच बदलून टाकते. दया पवार यांच्या कवितेतील मजूर स्त्री ज्या धरणावर घाम गाळते त्याच्या पाण्यावर तिचा वाटा नसतो. जातीमुळे पाणवठ्यापासून दूर ठेवलेल्यांचे शेपूट तर कालव्यांहून कितीतरी जुने आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला सत्याग्रह वगळून पाणीवाटपाचा इतिहास लिहिणारे पुस्तक अपुरेच म्हटले पाहिजे.

या सगळ्या ग्रंथसंभारात भूजल, म्हणजे खडकांच्या भेगांत व झिजलेल्या थरांत साठलेले पाणी, फारच थोडे आले आहे. राज्याचा बहुतांश भूभाग काळ्या बसाल्ट खडकाचा असून त्यात पाणी थोडे मुरते व लवकर उपसले जाते, आणि सिंचनाचा मोठा भार विहिरींवर आहे. तरीही लेखकांची नजर धरणाच्या भिंतीवरच खिळलेली दिसते. विहिरींच्या बाबतीत शेपूट आडवे नसते, ते खोलीकडे जाते: शेजाऱ्याची कूपनलिका खोल गेली की उथळ विहीर असलेला शेतकरी शेपटाला पडतो. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाच्या मोजणीवरून दरवर्षी मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद, ज्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे गाव ठरवते, हा या विषयावरील महत्त्वाचा दस्तऐवज आहे, आणि अशा ताळेबंदांचे गावोगावचे कागद जमवून त्यांचा अभ्यास करणे हे मराठी जलवाङ्मयापुढचे तातडीचे काम आहे.