खरंच उडालेलं विमान

मंडई, पुणे

चि. अनया,


मंडई विद्यापीठात, म्हणजे आमच्या गप्पांच्या अड्ड्यावर, काल पुन्हा शिवकर बापूजी तळपद्यांचं विमान उडालं! १८९५, मुंबईची चौपाटी, वैमानिक शास्त्र, सगळं साग्रसंगीत झालं. त्या शास्त्रातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये हिशेबानिशी दाखवलंय, असं मी म्हटलं. पण ऐकतो कोण! चहा मात्र माझ्या नावावर लागला.

तू एअरफोर्सचं मनावर घेतलंयस, म्हणून दुसरं नाव कानावर घालतो: डॉ. विष्णू माधव घाटगे. इथे घाटगे म्हटलं की लोक कागलच्या घाटगे घराण्यापर्यंत जातात नि थांबतात. हे घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. पंखाला बिलगून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत मांडणारे तेच प्रांटल. परत आल्यावर घाटगे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. हा कारखाना १९४० मध्ये आपल्या सोलापूरच्या वालचंदशेठनी काढलेला.

तिथे त्यांनी एचटी-टू हे शिकाऊ विमान आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शींनी ते पहिल्यांदा उडवलं. तोवर हवाई दलाची पोरं कापड मढवलेल्या टायगर मॉथवरही शिकत. हे अख्खं धातूचं. शेपटीखाली छोटं चाक, त्यामुळे जमिनीवर नाक वर आणि समोरची धावपट्टी दिसतच नाही. नागमोडी नेत कडेने डोकावायचं. उतरताना जरा लक्ष ढळलं की शेपूट गर्रकन पुढे यायला बघते.

लढाऊ विमानाचं कौतुक सगळ्यांना. शिकाऊ म्हणजे किरकोळ काम, असा समज. मला ते जास्त अवघड वाटतं. शिकणाऱ्याची चूक विमानाने पोटात घालायची, पण त्याच्यापासून लपवायची नाही. घाटग्यांना हे साधलं. दीडशेहून अधिक एचटी-टू बनली, काही घानाच्या हवाई दलाकडेही गेली.

१९६४ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली घडलेलं किरण हे शिकाऊ जेट उडालं. एचटी-टूमध्ये शिक्षक आणि शिकाऊ एकामागे एक बसत, किरणमध्ये शेजारी-शेजारी. शिक्षक शेजारी असलेला बरा की पाठीमागे? तुला काय वाटतं ते कळव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा