वैनगंगेकाठचा छायास्तंभ

गोंदियाहून साकोलीच्या वाटेला लागलं, की धानाच्या बांध्या आणि मामा तलाव सोबतीला येतात. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. भंडारा आणि अड्याळ मागे टाकून मी पवनीला पोचलो, तो रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा माग काढत.

पवनीला एका अंगाला वैनगंगा, बाकी बाजूंना जुना मातीचा तट आणि खंदक. वेशीतून आत आलं की घाट आणि देवळं लागतात. त्यांच्याही आधीची पवनी मात्र जगन्नाथ टेकडीत होती. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये इथे उत्खनन केलं, तेव्हा मोठा बौद्ध स्तूप आणि मुचलिंद नागाचं शिल्प उजेडात आलं.

याच पवनीत रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, अवघी एक ओळ आहे: हा महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा छायास्तंभ. त्याने कोणती लढाई मारली, तो कसा गेला, यातलं काही तीत नाही. वा. वि. मिराशींनी हा लेख प्रसिद्ध केला. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ठरतो.

क्षत्रप म्हणजे शकांचे प्रांताधिपती. कारभार आणि फौज दोन्ही त्यांच्या हाती. त्यांचं नाव घेतलं की उज्जैन, गिरनार आठवतात. कच्छमधल्या अंधौला इ.स. १३० मध्ये चष्टन आणि रुद्रदामन यांच्या काळात आप्तांसाठी अशाच स्मृतिशिला उभारल्या गेल्या. तीच रीत इतक्या दूर वैनगंगेकाठी दिसते, म्हणजे शकांचा वावर विदर्भापर्यंत होता. एरवी सातवाहनांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या आपल्या इतिहासाला या एका दगडाने नवा धागा जोडला.

इथल्या मातीला ही रीत परकी नाही. गडचिरोलीच्या रानात माडिया गोंड आजही आपल्या मृतांसाठी शिळा उभ्या करतात. राजपुत्र असो की रानातला माणूस, गेलेल्याची जागा दगडाने राखायची ही ओढ एकच.

तो स्तंभ आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या अजब बंगल्यात आहे. जतनासाठी ते योग्यच. पण झाडीपट्टीतल्या प्रत्येक शाळेने मुलांना आधी पवनीचा तट दाखवावा आणि मग नागपूरला नेऊन ही ओळ वाचायला शिकवावी. ज्याची हकिकत उरली नाही, त्याचं निदान नाव तरी त्याच्या मुलखाला ठाऊक असलं पाहिजे.